सगळं हिरवं शेवाळ एकच नसतं! धरणातलं शैवल ओळखायचं कसं आणि सावध कधी व्हायचं?

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातलं येलदरी धरण. अजिंठ्याच्या डोंगररांगेतून येणारी पूर्णा नदी इथे अडवली आहे. सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी मावेल एवढा मोठा जलाशय, धरणाच्या पायथ्याशी वीजनिर्मिती, खाली सिद्धेश्वर धरण आणि तिथून पुढे शेतीला पाणी. परभणी, जिंतूरसारख्या शहरांच्या पिण्याच्या पाण्याची भिस्तही याच साठ्यावर.

अशा कुठल्याही मोठ्या जलाशयाच्या काठाला उन्हाळ्यात गेलात, तर पाणी मागे सरकलेलं असतं आणि जिथे तिथे हिरवा रंग दिसतो. दगडांना चिकटलेले हिरवे केस, डबक्यात तरंगणारा रेशमी गुंता, गाळात उभी असलेली बारीक झुडपं. कधी कधी तर कुणी ऑइलपेंटचा डबा ओतलाय असं वाटणारा हिरवा थर.

या सगळ्याला आपण एकच शब्द वापरतो, शेवाळ.

पण यातली एक गोष्ट नॉर्वेच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या शैवलाची जवळची नातलग आहे. दुसरी तुमच्या शेतातल्या ज्वारीची. आणि तिसरी शैवल तर नाहीच, वर ती जनावराच्या जिवावर उठू शकते. म्हणून हा फरक कळणं महत्त्वाचं आहे. तो कसा ओळखायचा, ते टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

आधी शब्दांचा घोळ सोडवू

बोलीभाषेत 'शेवाळ' म्हणजे पाण्यात किंवा ओलसर जागी उगवलेलं काहीही हिरवं आणि बुळबुळीत. शास्त्रात मात्र यासाठी वेगवेगळे शब्द आहेत.

शैवल म्हणजे मूळ, खोड, पान असे खरे अवयव नसलेला आणि सूर्यप्रकाशावर स्वतःचं अन्न तयार करणारा सजीव. तो एका पेशीचाही असतो आणि कित्येक मीटर लांबीचाही.

पावसाळ्यात भिंतीवर, कौलांवर मखमलीसारखी हिरवी गादी दिसते, ती बहुतेकदा हरिता असते. तिला बारीक पानं असतात. ती शैवल नाही, छोटी वनस्पती आहे.

आणि गोड्या मसाल्यातलं दगडफूल? ते शैवाक. म्हणजे बुरशी आणि शैवल यांचा एकत्र संसार. घर बुरशीचं, स्वयंपाक शैवलाचा. त्या करड्या पापुद्र्याच्या आत हिरव्या शैवलाच्या सूक्ष्म पेशी असतात.

जलपर्णी, अझोला आणि डबक्यावर पसरणारं हिरव्या टिकल्यांसारखं डकवीड हेसुद्धा शैवल नाही. अझोला हे नेच्यांच्या कुळातलं आहे, तर जलपर्णी आणि डकवीड या फुलं येणाऱ्या वनस्पती. उचलून पाहा, खाली लोंबणारी मुळं दिसतात. मुळं दिसली की शैवलाच्या यादीतून नाव बाद.

हिरवा रंग म्हणजे हिरवं शैवल? नाही!

रंगावर विसंबलो तर फसायला होतं, याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर.

लोणारचं खारं पाणी एरवी हिरवं दिसतं. हा हिरवा रंग प्रामुख्याने आर्थ्रोस्पायराचा, म्हणजे बाजारात 'स्पिरुलिना' नावाने ज्याची पावडर मिळते त्याचा. त्याला नीलहरित शैवल म्हणतात, पण तो प्रत्यक्षात एक जीवाणू आहे. शास्त्रीय भाषेत सायनोबॅक्टेरिया.

जून २०२० मध्ये हेच पाणी अचानक गुलाबी झालं. फोटो व्हायरल झाले आणि तर्कांना ऊत आला. लाल शैवल वाढलं असेल, असंही अनेकांना वाटलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा कळलं की रंग मिठात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा होता. म्हणजे हिरवा रंग शैवलाचा नव्हता आणि गुलाबी रंगही नव्हता.

याच्या उलटही घडतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर झाडांच्या खोडांवर, ओलसर भिंतींवर केशरी मखमल दिसते. कुणीही याला बुरशी म्हणेल. पण बऱ्याचदा ते ट्रेंटेपोहलिया असतं, एक अस्सल हिरवं शैवल! त्याच्या पेशींत केशरी रंगद्रव्य इतकं साठतं की हिरवा रंग झाकला जातो. केरळात २००१ साली पडलेल्या लाल पावसाचा तपास झाला, तेव्हा रंग याच शैवलाच्या बीजाणूंमुळे आल्याचा निष्कर्ष निघाला होता.

म्हणजे हिरवं शैवल केशरी दिसू शकतं आणि हिरवं दिसणारं शैवल नसूही शकतं.

मग शास्त्रज्ञ ठरवतात कशावरून?

हिरव्या शैवलाच्या मुख्य खुणा पेशीच्या आत असतात.

पहिली, हरितद्रव्याचे अ आणि ब असे दोन प्रकार. आपल्या झाडांमध्येही हीच जोडी असते. नीलहरित जीवाणूंमध्ये सहसा फक्त अ प्रकार असतो आणि सोबतीला निळसर रंगद्रव्य.

दुसरी, साठवलेलं अन्न. हिरवी शैवलं अन्न स्टार्चच्या रूपात साठवतात, तेही हरितलवकाच्या आत. शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकून निळा-काळा रंग पाहिला होता ना? सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या शैवलावर आयोडीनचा थेंब टाकला की पेशीतले स्टार्चचे ठिपके तसेच गडद होतात. नीलहरित जीवाणूंमध्ये स्टार्च नसतो, त्यामुळे असे ठिपके उमटत नाहीत.

तिसरी, पेशीची रचना. हिरव्या शैवलाच्या पेशीत केंद्रक आणि हरितलवक स्पष्ट असतात. नीलहरित जीवाणूंमध्ये दोन्ही नसतात.

यापुढचं वर्गीकरण आकार, पेशींची मांडणी, प्रजननाची पद्धत आणि आता मुख्यतः डीएनए यांवरून होतं.

सूक्ष्मदर्शक नाही? हात लावून पाहा

प्रजाती सांगता येणार नाही, पण गट बऱ्यापैकी ओळखता येतो. मात्र पाण्यावर रंगासारखा थर असेल तर हात घालू नका. त्याबद्दल पुढे सांगितलंय. बाकी ठिकाणी हे पाहा:

• स्पायरोगायरा. साचलेल्या, शांत पाण्यात तरंगणारा गडद हिरवा गुंता. हातात घेतला की साबण लावलेल्या केसांसारखा निसटतो. धागे सरळ, फांद्या नाहीत. दुपारच्या उन्हात गुंत्यात ऑक्सिजनचे बुडबुडे अडकतात आणि तो वर येतो. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशीत हिरवी फीत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली दिसते.

• क्लॅडोफोरा. दगडाला घट्ट धरलेले हिरवे केस, बहुतेकदा लाटा येतात किंवा पाणी वाहतं तिथे. हाताला खरखरीत, पिळला की ओल्या सुतासारखा. बुळबुळीतपणा जवळपास नाही. भिंगातून पाहिलं की धाग्याला फांद्या फुटलेल्या दिसतात.

• पिथोफोरा. क्लॅडोफोराचा भाऊबंद. विस्कटलेल्या लोकरीसारखा जाड, राठ गुंता. धाग्यात मध्ये मध्ये गडद, फुगीर पेशी असतात. वाईट दिवस काढण्यासाठी केलेली ती बेगमी.

• हायड्रोडिक्टिऑन. नावाचा अर्थच पाण्याची जाळी. मासेमारीच्या जाळीची छोटी प्रतिकृती वाटावी अशी पाच-सहा बाजूंची घरं. पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन त्यात पसरवलं तर साध्या डोळ्यांनीही दिसतात.

• कारा. सगळ्यात फसवं. गाळात उभं राहतं, खोडासारखा दांडा आणि त्याभोवती पानांसारख्या फांद्यांची वर्तुळं. पण मुळं नाहीत, पानं नाहीत, फुलंही नाहीत. चुनखडीयुक्त पाण्यात अंगावर चुन्याचा थर चढतो, त्यामुळे हाताला करकरीत लागतं. चुरगळलं की लसणासारखा उग्र वास येतो.

• पाणीच हिरवं. धागा नाही, गुंता नाही, नुसतं पाणी हिरवट. हे एकपेशीय शैवलांचं काम असू शकतं किंवा नीलहरित जीवाणूंचंही. फक्त बघून सांगता येत नाही.

एकाच डबक्यात दोन घराणी

हिरव्या शैवलांची दोन मोठी घराणी आहेत आणि ती फार फार पूर्वी वेगळी झाली.

एका घराण्यात स्पायरोगायरा आणि कारा येतात. याच घराण्यातल्या गोड्या पाण्यातल्या पूर्वजांपासून जमिनीवरच्या सगळ्या वनस्पती आल्या. दिसायला कारा झाडासारखं, म्हणून तेच झाडांचं सगळ्यात जवळचं असेल असं बराच काळ वाटायचं. पण गेल्या दशकातल्या मोठ्या जनुकीय अभ्यासांनी कौल स्पायरोगायराच्या गटाला दिला. म्हणजे हातातून निसटणारा तो साधा धागा ज्वारी, कापूस, हळद यांचा जास्त जवळचा नातलग आहे.

दुसऱ्या घराण्यात क्लॅडोफोरा, पिथोफोरा, हायड्रोडिक्टिऑन, केशरी दिसणारं ट्रेंटेपोहलिया आणि समुद्रातली बहुतेक हिरवी शैवलं येतात.

त्यामुळे एकाच काठावर, वीतभर अंतरावर दोन हिरवे धागे असतील, तर ते एकमेकांचे सख्खे असतीलच असं नाही. बुळबुळीत धाग्याचं गोत शेतात सापडतं, खरखरीत धाग्याचं समुद्रात.

समुद्रातलं गोत: थंड किनाऱ्यावरची हिरवी शैवलं

नॉर्वे, स्कॉटलंड, आइसलंडच्या किनाऱ्यांवर ओहोटी लागली की खडकांवर हिरवे पट्टे उघडे पडतात. तिथेही ओळखायची रीत हीच, आकार पाहा आणि स्पर्श करा.

पातळ, लेट्यूसच्या पानासारखा पापुद्रा असेल तर उल्वा. तसाच पण आणखी नाजूक पापुद्रा असेल तर मोनोस्ट्रोमा. फरक जाडीचा, उल्वा दोन पेशींच्या जाडीचा असतो आणि मोनोस्ट्रोमा एका पेशीच्या. बोटभर जाडीचे, स्पंजासारखे मऊ फाटे असतील तर कोडियम. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेने माखलेल्या खडकावर छोटी कुरळी पानं असतील तर प्रासिओला. आणि ताठ, गडद हिरव्या धाग्यांचे झुपके असतील तर क्लॅडोफोरा रुपेस्ट्रिस. हो, तोच क्लॅडोफोरा! प्रजाती वेगळी, पण गोड्या पाण्यातल्या दगडावर केसांसारखा वाढतो त्याच वंशातला.

उल्वाच्या नावाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ मध्ये पानासारखी आणि नळीसारखी अशी दोन्ही शैवलं उल्वा याच वंशात ठेवली होती. १८२० मध्ये नळीवाल्यांना वेगळं काढून एंटेरोमॉर्फा असं नाव मिळालं. पान आणि नळी एक कसे असतील, हा साधा तर्क. पुढे जवळपास दोन शतकं पुस्तकांत तेच चाललं. २००३ मध्ये डीएनए तपासला तेव्हा कळलं की दोन्ही एकच वंश आहेत. लिनियसचंच बरोबर होतं.

पण त्याच्याच नमुन्याने पुढे धक्का दिला. उत्तरेच्या थंड किनाऱ्यावरच्या पानासारख्या उल्वाला सगळे उल्वा लॅक्टुका म्हणत. २०१९ मध्ये लिनियसच्या संग्रहातल्या मूळ वाळक्या नमुन्याचा डीएनए तपासला, तर तो निघाला उबदार समुद्रातल्या प्रजातीचा, जिला तोवर उल्वा फॅसिएटा म्हणत होते. आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या शैवलांच्या याद्यांमध्ये वर्षानुवर्षं येणारं नाव हेच. म्हणजे नियमाप्रमाणे उल्वा लॅक्टुका हे नाव उबदार पाण्यातल्या प्रजातीकडे गेलं आणि उत्तरेतल्या प्रजातीला उल्वा फेनेस्ट्राटा म्हणायचं ठरलं.

फोटो पाहून छातीठोकपणे प्रजाती सांगणाऱ्या कमेंटवर लगेच विश्वास का ठेवू नये, ते यावरून कळेल.

शेवाळ इतकं वाढतं का?

शेतातलं जादा खत आणि गावाचं सांडपाणी. त्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस पाण्यात उतरतात. वर ऊन आणि साचलेलं पाणी मिळालं की वाढीला धरबंध राहत नाही.

समुद्रातही हेच. २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकच्या नौकास्पर्धा चीनमधल्या चिंगदाओला होत्या. त्याआधी तिथल्या समुद्रावर उल्वा एवढं पसरलं की सुमारे १० लाख टन शैवल काढावं लागलं. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर २००९ मध्ये कुजणाऱ्या उल्वातून निघालेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूने एक घोडा दगावला. जिवंत उल्वा विषारी नाही, पण त्याचे ढीग कुजले की वायू जीव घेतो.

आपल्याकडे धाग्यासारखी शैवलं शेततळ्यात वाढली की ठिबकचे फिल्टर तुंबतात. रात्री शैवलंही पाण्यातला ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे दाट वाढ असेल तर पहाटे मासे तडफडतात. पण म्हणून शैवल शत्रू नाही. पाण्यातल्या अन्नसाखळीचा पाया तेच आहे. धरणातली मासेमारी शेवटी त्याच्यावरच उभी असते.

खरी धोक्याची खूण कोणती?

हाताने उचलता येणारे धागे, जाळी, झुपके यांची सहसा भीती नाही. भीती आहे ती रंगासारख्या थराची.

मायक्रोसिस्टिससारखे नीलहरित जीवाणू उन्हाळ्यात शांत पाण्यावर येतात. आधी बारीक रव्यासारखे हिरवे कण, मग वाऱ्याने एका काठाला साचलेला दाट हिरवा थर, कडेला निळसर किंवा पांढरट झाक आणि कुजका वास. यातले काही प्रकार यकृतावर किंवा मज्जासंस्थेवर हल्ला करणारी विषं तयार करतात.

ही नवी माहिती नाही. ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराचं असं पाणी पिऊन मेंढ्या, घोडे, कुत्री मेल्याची नोंद जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ मध्ये 'नेचर'मध्ये छापली होती. ब्राझीलच्या कारुआरू शहरात १९९६ मध्ये डायलिसिससाठी वापरलेल्या पाण्यात हे विष आलं आणि ५० हून अधिक रुग्णांचा मृत्यू झाला. २०२० मध्ये बोत्सवानात ३०० हून अधिक हत्ती मेले, तेव्हा तिथल्या सरकारनेही याच जीवाणूंकडे बोट दाखवलं.

घरच्या घरी दोन प्राथमिक परीक्षा करता येतात. दोन्ही वेळा हातमोजे घाला.

काडीची परीक्षा: लांब काडी पाण्यात फिरवून बाहेर काढा. धागे लोंबकळले तर ते धाग्यासारखं शैवल. काडीला रंग लावल्यासारखा लेप बसला तर नीलहरित जीवाणूंची शक्यता जास्त.

बाटलीची परीक्षा: पारदर्शक बाटली पाऊण भरा आणि न हलवता रात्रभर सावलीत ठेवा. सकाळी हिरवा रंग तळाशी बसला असेल तर बहुधा हिरवं शैवल. वर तरंगत थर झाला असेल तर सावध. या जीवाणूंच्या पेशींत हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात, म्हणून ते वर येतात.

या परीक्षांतून फक्त गट कळतो. पाण्यात विष आहे की नाही, हे प्रयोगशाळाच सांगू शकते.

असा थर दिसला तर काय कराल?

१. जनावरांना त्या काठावर पाणी पाजू नका. मुलांना पोहू देऊ नका. कुत्रीही दूर ठेवा, कारण पोहून आल्यावर ती अंग चाटतात.

२. पाणी उकळून भागत नाही. जीवाणू मरतात, पण मायक्रोसिस्टिनसारखं विष उकळूनही टिकतं.

३. मोरचूद टाकू नका. त्याने पेशी फुटतात आणि आतलं विष एकदम पाण्यात मिसळतं. पाणी स्वच्छ दिसायला लागतं, पण तेच जास्त धोक्याचं असू शकतं.

४. पाणी प्यायल्यावर जनावर अडखळायला, थरथरायला लागलं किंवा अचानक गळून गेलं, तर लगेच पशुवैद्यकाला बोलवा आणि पाण्याच्या थराबद्दल आवर्जून सांगा.

५. ग्रामपंचायत आणि पाणीपुरवठा विभागाला कळवा. पाणी तपासायच्या नेहमीच्या किटमध्ये हे विष कळत नाही, त्यामुळे 'सायनोबॅक्टेरियाचं विष तपासा' असं स्पष्ट सांगावं लागतं. पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआरसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरमागे १ मायक्रोग्रॅम.

फोटो टाकायचाय? मग असा टाका

शैवलाचा फोटो बघून तज्ज्ञाला काही सांगता यावं असं वाटत असेल, तर तीन फोटो काढा. पहिला लांबून, म्हणजे ते तरंगतंय, दगडाला धरलंय की गाळात उभं आहे ते दिसेल. दुसरा पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन त्यात पसरवलेल्या तुकड्याचा, शेजारी एखादं नाणं ठेवून. तिसरा जमेल तितका जवळून, फांद्या आहेत का ते कळेल असा. रंगासारखा थर असेल तर मात्र ताटली नको, लांबूनच फोटो आणि काडीच्या परीक्षेचा फोटो पुरे.

सोबत जागा, तारीख, पाणी साचलेलं की वाहतं आणि स्पर्श कसा होता, बुळबुळीत, खरखरीत की करकरीत, हेही लिहा. स्पर्श आणि वास फोटोत येत नाहीत, आणि स्पायरोगायरा, क्लॅडोफोरा आणि कारा यांच्यातला फरक सगळ्यात आधी त्यांनीच कळतो.